म्हातारं कुत्रं रात्रभर घरात चकरा मारून राहिलं तर काय बघायचं, काय करायचं

घरातलं कुत्रं दहा-बारा वर्षांच्या पुढे गेलं आणि रात्री झोपेनासं झालं की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, "आता वय झालं त्याचं, चालायचंच." मला हे पटत नाही. नुसतं वय झालं म्हणून कोणतंच कुत्रं रात्रभर फिरत नाही. त्याला कुठेतरी दुखून राहिलं असतं, नाहीतर तहान, सू, गर्मी असं काही सतावत असतं, नाहीतर मेंदूच गोंधळलेला असतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर काही ना काही करता येतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते, ज्याच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्याच्या कामात पडेल. मोठ्या जातीची कुत्री, म्हणजे लॅब, शेफर्ड, ग्रेट डेन वगैरे, सात-आठ वर्षांतच म्हातारपणाकडे झुकतात, छोटी कुत्री जरा उशिरा, हे आधी लक्षात घ्या.

सगळ्यात आधी एक वही करा, नाहीतर मोबाइलच्या नोट्समध्ये टाका, पण लिहा. किती वाजता उठला, उठून कुठे गेला, पाणी प्यायला का, दाराशी जाऊन थांबला का, धापा टाकत होता का, किती वेळानं बसला. चार-पाच रात्री असं लिहिलं की कशामुळे होऊन राहिलं याचा अंदाज यायला लागतो. आणि व्हिडिओ काढाच. क्लिनिकमध्ये टेबलावर चढवलं की कुत्रं घाबरून ताठ उभं राहतं, घरी लंगडणारं तिथे लंगडत पण नाही, आणि डॉक्टरांना दिसतं ते एक चांगलं ठणठणीत कुत्रं. रात्री अडीचचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला तर त्यांना पटकन कळतं आपण काय सांगून राहिलो ते.

आता काय काय बघायचं

दुखणं असलं तर कुत्रं बसतं, दोन मिनिटांत उठतं, गोल फिरतं, परत बसतं, परत उठतं, कोणत्याच कुशीवर त्याला बरं वाटत नाही. उठताना मागचं अंग ओढत उठतं, दिवाणावर किंवा गाडीत उडी मारणं बंद करतं, एकच सांधा चाटत बसतं, सकाळी ताठ चालतं आणि थोडं फिरलं की मोकळं होतं. लोक म्हणतात "पण तो तर केकाटत नाही", तर सांध्यांच्या जुन्या दुखण्यात कुत्री बहुतेक केकाटतच नाहीत, नुसती धापा टाकतात, जागा बदलतात, कधी हात लावला की गुरगुरतात. आयुष्यात कधी न गुरगुरलेलं कुत्रं अचानक पाठीला हात लावू देत नसेल तर आधी दुखणं समजा, स्वभाव बिघडला असं नका समजू. तोंड पण उघडून बघा, दात किडला असेल, हिरड्यात पू असेल तर तेही रात्री झोपू देत नाही.

मग पाणी मोजा. सकाळी बाटलीनं मोजून भांडं भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोब करा, तीन दिवस. किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे १० किलोच्या कुत्र्यानं दिवसाला एक लिटरपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर ते जास्त झालं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात थोडं वाढतंच, पण नोव्हेंबरातही तेवढंच पित असेल तर किडनी, डायबेटिस, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा आजार) यांची तपासणी करून घ्या. जास्त पाणी पिणारं कुत्रं रात्री सू लागली म्हणूनच फिरतं, त्याला बाहेर जायचं असतं आणि दार बंद असतं, मग तो तरी काय करेल. यावर बरेच जण रात्री पाण्याचं भांडंच उचलून ठेवतात, हे अजिबात करू नका, किडनी बिघडलेल्या किंवा साखर वाढलेल्या कुत्र्याचं पाणी तोडलं तर त्याची तब्येत एका रात्रीत खालावू शकते. आणि मादी असेल, ऑपरेशन झालेलं नसेल आणि माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊन राहिली, सुस्त आहे, जेवत नाही, तर गर्भाशयात पू झाला असू शकतो, तिथे वहीत लिहीत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

झोपेतला श्वास मोजणं सगळ्यांना जमतं. कुत्रं गाढ झोपलं की छाती-पोट किती वेळा वर येतं ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. झोपेत मिनिटाला ३० च्या वर सारखंच येत असेल, आणि त्यात रात्री खोकला, आडवं झालं की उठून बसणं असं असेल तर हृदयाकडे बघायला हवं, छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये झडपेचा त्रास खूप असतो.

डोळे. बुब्बुळात निळसर धुरकटपणा आला म्हणजे प्रत्येक वेळी मोतीबिंदूच असतो असं नाही, वयानं भिंग कडक झालं तरी तसं दिसतं आणि त्यात बऱ्यापैकी दिसतं. पण अंधारात खुर्चीला धडकत असेल, जिना उतरायला घाबरत असेल तर त्याला कमी दिसून राहिलं. असं कुत्रं रात्री लाइट बंद झाला की अस्वस्थ होतं.

आणि मग येतो मेंदूचा भाग. माणसांच्या अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रोटीन साचतं तसंच कुत्र्यांच्या मेंदूतही साचतं. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या २००१ च्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांमध्ये आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांमध्ये या मेंदूच्या गोंधळाचं कमीत कमी एक लक्षण सापडलं होतं. लक्षणं अशी की दिवसभर झोप आणि रात्री जागरण, संध्याकाळ झाली की घालमेल सुरू, घरातल्याच जागा न ओळखणं, शिकलेली सू-शीची सवय मोडणं, लाडात येणारं कुत्रं लांब लांब राहणं किंवा उलट सारखं पायात घोटाळणं, शून्यात बघत बसणं.

आमच्या चिकूचं सांगते, पांढरा स्पिट्झ, चौदा वर्षांचा. तो फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरायचा आणि नाक भिंतीला टेकवून तसाच उभा राहायचा, मागचा एक पाय उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा, पण मागे सरकायचं असतं हे त्याला आठवायचंच नाही. छातीखाली हात घालून हळूच मागे ओढलं की बाहेर यायचा आणि काही झालंच नाही असा पाण्याकडे चालायला लागायचा. दाराशी पण तसंच, दार जिकडून उघडतं तिकडे न थांबता बिजागरीच्या बाजूला जाऊन उभा, आणि वाट बघत राहायचा. बिजागरीच्या बाजूला उभं राहणं आणि कोपऱ्यात अडकणं, या दोन गोष्टी तुमच्या घरी दिसल्या तर डॉक्टरांना नक्की सांगा.

पण एक गोष्ट, याचं निदान बाकीचं सगळं तपासून झाल्यावरच होतं. दुखणं, किडनी, बीपी, थायरॉइड, गोचीड ताप हे सगळं बघून मगच मेंदूकडे यायचं. आपल्याकडे गोचिडांचा ताप इतका असतो की म्हातारं कुत्रं सुस्त झालं, ताप येऊन-जाऊन राहिला तर रक्ताची तपासणी करायलाच पाहिजे.

डॉक्टरांकडे जाताना

वही, व्हिडिओ, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि गोचिडाचं औषध कोणतं लावता त्याची बाटली, हे सोबत न्या. विचारायचं काय तर सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, किडनी-लिव्हरची तपासणी, साखर, लघवीची तपासणी, जमलं तर बीपी आणि खुब्याचा-पाठीचा एक्स-रे. दहाच्या पुढच्या कुत्र्याचं हे सहा महिन्यांतून एकदा झालं तर फार चांगलं. जवळच्या डॉक्टरांकडे सगळं नसेल तर सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, आता माफसू म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत, आपण सगळे ज्याला व्हेटरनरी कॉलेज म्हणतो ते. तिथे सकाळी लवकर जा, गर्दी असते, आणि उन्हाळ्यात रांगेत कुत्र्याला सावलीत बसवायची सोय आपली आपण करून न्या, पाणी आणि ओला टॉवेल.

गोळ्यांचं नीट वाचा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पोटात अल्सर होतो, किडनी जाते, आणि पॅरासिटामॉलचा डोस थोडा चुकला तरी लिव्हरवर येतं. कुत्र्यांसाठीची दुखण्याची औषधं वेगळी आहेत, ती रक्ताची तपासणी करून डॉक्टर देतात, आणि ती चालू असताना स्टेरॉइड सोबत चालत नाही, म्हणून खाजेसाठी दुसऱ्या कोणी प्रेडनिसोलोन लिहून दिलं असेल तर आधी सांगा. प्रेडनिसोलोननं तहान, भूक, सू, धापा सगळंच वाढतं, म्हणजे कधी कधी रात्रीच्या फिरण्याचं कारण ती गोळीच असते. पण आपल्या मनानं एकदम बंद पण करायची नाही, ती हळूहळू कमी करावी लागते.

मेंदूच्या त्रासासाठी डॉक्टर सेलेजिलिन देऊ शकतात, माणसांना पार्किन्सनमध्ये देतात तेच. त्याचा फरक दिसायला काही आठवडे जातात, चार दिवसांत गुण नाही म्हणून बंद करू नका. पण हे औषध ट्रामाडोल या दुखण्याच्या गोळीसोबत चालत नाही, आणि अमिट्राझसोबत पण चालत नाही. अमिट्राझ म्हणजे गोचिडासाठी पाण्यात मिसळून अंगाला लावतात ना ते, आपल्याकडे घराघरात असतं आणि कोणी ते औषध म्हणून मोजतच नाही, म्हणूनच बाटली न्या म्हटलं. झोपेसाठी मेलाटोनिन, दुखण्यासोबतच्या घालमेलीसाठी गॅबापेंटिन, हे पण डॉक्टर देतात, डोस वजनावर असतो, शेजारच्यांच्या कुत्र्याचा डोस आपल्याला चालत नाही. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ सांध्यांना मदत करतं, तेही विचारूनच द्या, कारण तेलकट एकदम वाढलं तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते.

घर

फरशी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि कोणी त्याकडे बघत नाही. आपल्या घरांमध्ये गुळगुळीत टाइल्स, म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय त्यावर फाकतात, दोनदा घसरलं की ते आडवं व्हायलाच घाबरतं, कारण परत उठता येईल का याची खात्री नसते, मग उभंच राहतं, फिरतच राहतं. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत सतरंजी, जुनी योगा मॅट, रबराची चटई जे असेल ते टाकून एक वाट करून द्या. खाली सरकणारी नको, कोपरे चिकटवा. नखं कापा, पंज्याच्या मधले केस कापा. या एवढ्यानं काही कुत्री त्याच आठवड्यात बरी झोपायला लागतात, खर्च जवळपास काही नाही.

गादी जाड हवी, म्हणजे कोपर आणि खुबा फरशीला टेकायला नको, पण इतकी मऊ नको की त्यात रुतून उठताच येत नाही. कापसाची जुनी गादी दुहेरी करून वर गोधडी, वरचं कव्हर धुता येईल असं, आत प्लास्टिक. रात्री एक झिरोचा बल्ब चालू ठेवा. सोफा, टेबल यांच्या जागा बदलू नका, फ्रिजमागच्या फटी पाट लावून बंद करा, जिन्याला आडवं काहीतरी लावा. आणि कुत्र्याला माणसांजवळ झोपू द्या. आयुष्यभर अंगणात झोपलेलं असलं तरी आता आत घ्या, ऐकू कमी, दिसायला कमी अशा वेळी त्याला आपला वास हवा असतो.

नागपूरचा उन्हाळा म्हणजे ४५ डिग्री नेहमीचंच, २०१३ च्या मेमध्ये तर ४७.९ झालं होतं. नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटी येणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री पण भिंती गरम असतात आणि तेव्हा कुत्रं धापा टाकत फिरत असेल तर आधी गर्मीच समजा. कूलर लावा पण गादी थेट कूलरच्या तोंडासमोर नको, ती ओली हवा रात्रभर दुखऱ्या सांध्यांवर नको, थोडं बाजूला ठेवा आणि खोलीची दुसरी खिडकी उघडी ठेवा. जुलै-ऑगस्टच्या उमसमध्ये कूलर कामाचा राहत नाही, उलट दमटपणा वाढवतो, तेव्हा पंखा बरा. फिरायला सकाळी सहाच्या आत आणि रात्री रस्ता थंड झाल्यावर, हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला सहन होत नसेल तर त्यालाही होणार नाही. म्हाताऱ्या लॅबचा आवाज बसल्यासारखा झाला असेल, श्वास घोगरा येत असेल तर त्याला गर्मीपासून जास्तच जपा, त्यांच्यात घशाचा स्नायू लुळा पडतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. उलट डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की सांधे आखडतात, तेव्हा फरशीवरून उचलून दिवाणाशेजारी, अंगावर जुनं स्वेटर.

दिवस कसा ठेवायचा

रात्रीची झोप दिवसा ठरते. सकाळचं कोवळं ऊन दाखवा, दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटांचं फिरणं, एकदाच मोठं नको. आणि फिरताना ओढू नका, त्याला हुंगू द्या, एका खांबाजवळ पाच मिनिटं लागली तर लागू द्या, फुटाळा तलावावर नेऊन तासभर चालवण्यापेक्षा गल्लीतली चार झाडं निवांत हुंगून आलेलं कुत्रं जास्त शांत झोपतं. दुपारी झोपू द्या पण संध्याकाळी पाच ते आठ मध्ये हळूच उठवा, टॉवेलमध्ये पोळीचे तुकडे गुंडाळून शोधायला द्या, अंगावरून कंगवा फिरवा. जेवणाच्या वेळा रोज त्याच. झोपायच्या आधी सूला बाहेर नेणं चुकवू नका, साडेदहा-अकरा.

रात्री उठलाच तर रागावू नका, बांधू नका, बाथरूममध्ये कोंडू नका. घाबरलेलं कुत्रं कोंडलं की जास्त घाबरतं. उठा, सूला नेऊन आणा, पाणी आहे का बघा, अंग गरम लागतं का बघा, मग हळू आवाजात त्याच्या जागेवर न्या आणि छातीवर हात ठेवून बसा, थोपटा. बिस्किट देऊ नका. रोज दोन वाजता बिस्किट मिळतं हे कुत्र्याच्या लक्षात राहतं, मेंदू थकला असला तरी. खेळ नाही, मोठा लाइट नाही, सगळं कंटाळवाणं ठेवा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, दिवाळी, लग्नाचे डीजे, या दिवसांत म्हाताऱ्या कुत्र्याची घालमेल वाढते, कान गेलेल्या कुत्र्याला पण धमक जाणवते. महाल-इतवारीकडे राहणाऱ्यांनी मारबतीच्या दिवशी त्याला मागच्या खोलीत ठेवा, खिडक्या बंद, पंख्याचा आवाज चालू, आणि माणूस सोबत. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांशी बोला, आणि नुसती गुंगी आणणारी गोळी नको तर भीती कमी करणारं काही द्या असं स्पष्ट सांगा, कारण गुंगीत अंग पडलेलं असतं पण भीती तशीच असते.

कधी वाट बघत थांबायचं नाही

पोट फुगलं, उलटीचा जोर येतो पण उलटी होत नाही आणि कुत्रं एका जागी थांबत नाही, तर पोटाला पीळ बसला असू शकतो, मोठ्या छातीच्या जातींत होतं, तिथे तास पण महत्त्वाचे, रात्र असली तरी निघा. ताप १०४ फॅरनहाइटच्या वर आणि उन्हाचा दिवस, तर आधी नळाचं साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, मग गाडीत घाला. फिट आली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, सू अडली, तरी लगेच. एक मात्र सांगते, अचानक मान वाकडी, डोळे एका बाजूला फडफडतात, चालताना पडतं, हे बघून घरचे लकवा समजून आशा सोडतात, पण म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास बऱ्याचदा असतो आणि त्यातली बरीच कुत्री काही दिवसांत सावरतात. डॉक्टरांना दाखवा, पण लगेच शेवटचा निर्णय घेऊ नका.

शेवटचा निर्णय घ्यायची वेळ येतेही. त्यासाठी कॅलेंडरवर रोज रात्री चांगला दिवस की वाईट एवढंच लिहा, जेवला का, शेपटी हलवली का, घाण न होता पडून राहिला का. वाईट दिवस सलग वाढायला लागले की डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला, ते विचारणं म्हणजे त्याला सोडून देणं नाही.

घरच्यांनी रात्री वाटून घ्या. एकच माणूस रोज जागला तर पंधरा दिवसांत तोच चिडचिडा होतो आणि ती चिडचिड कुत्र्यावर निघते. पोट्टे मोठे असतील तर शनिवारची रात्र त्यांची. फ्लॅटमध्ये असाल आणि कुत्रं रात्री रडत असेल तर तक्रार यायच्या आधी वरच्या-खालच्या काका-काकूंना जाऊन सांगा, म्हातारं आहे, औषध चालू आहे, बहुतेक लोक समजून घेतात. आणि गावाला जायचं असेल तर गोंधळलेल्या कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवू नका, नवीन जागेत ते चार दिवस पूर्ण जागं राहतं. ओळखीच्या माणसाला आपल्या घरी झोपायला बोलवा, आणि फ्रिजवर एक कागद लावून जा, गोळ्यांच्या वेळा, रात्री शेवटचं सूला न्यायची वेळ, डॉक्टरांचा नंबर, आणि तो अडकला तर कुठून ओढून काढायचा ते.